रोजचं पित्त आणि जळजळ: घरी काय करायचं, एंडोस्कोपी कधी करायची

छातीत जळजळलं की आपलं ठरलेलं, इनो प्यायचं आणि झोपायचं. कधीतरी मिसळ हाणल्यावर होत असेल तर ठीक, पण आठवड्यातून दोन-तीनदा आणि वर्षानुवर्षं चालू असेल तर अंगावर काढू नका. ॲसिड सारखं वर येत राहिलं की काहींच्या अन्ननलिकेचं खालचं अस्तर बदलून आतड्यासारखं होतं, त्याला बॅरेट्स इसोफेगस म्हणतात, आणि ती कॅन्सरच्या आधीची पायरी ठरू शकते. घाबरू नका हां, यातल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही.

आधी रात्रीचं जेवण झोपायच्या ३ तास आधी उरका, हे जमलं तरी निम्मं काम झालं. उशा रचून उपयोग नाही, त्याने पोटच दुमडतं, त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून १५-२० सेंमी उंची द्या आणि डाव्या कुशीवर झोपा. सिगरेट बंद, पोटाचा घेर कमी. पँटोप्राझोलसारखी ॲसिड कमी करणारी गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची, पण मेडिकलवाल्याला विचारून वर्षभर नको, जळजळ थांबली म्हणजे अस्तर ठीक झालं असं नसतं.

त्रास ५ वर्षांहून जुना, वय पन्नाशीपुढे, त्यात पुरुष, सुटलेलं पोट, सिगरेट किंवा घरात कुणाला अन्ननलिकेचा कॅन्सर, असं जुळत असेल तर पोटाच्या डॉक्टरांना एंडोस्कोपीचं, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आत बघायच्या तपासणीचं, विचाराच. शंका आली तर त्यातच तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात. घास अडकणं, वजन उतरणं, काळी शी, रक्ताची उलटी यातलं काही दिसलं तर मात्र विटा-बिटा राहू दे, लगेच डॉक्टर गाठा.