दूध चांगलं, तरी गोठा तोट्यात: माझा अनुभव

लक्षण असं: ताज्या विलेल्या गाई भरपूर दूध देतात, पण महिनाअखेरीस हातात काही उरत नाही. पेंड बदलली, खनिज मिश्रण वाढवलं, एक जादा दुभती गाय आणली. दूध वाढलं, शिल्लक नाही. वैताग आला होता.

दोष खुराकात नव्हताच. गाई गाभण राहायला उशीर होत होता आणि भाकड गाई दुभत्यांच्या जिवावर खात होत्या.

उपाय याच क्रमाने केला. आधी प्रत्येक गाईची विण्याची, माजाची (गाय फळायला तयार होण्याची) आणि रेतनाची (वीर्य भरण्याची) तारीख वहीत लिहिली. मग पहाटे आणि रात्री उशिरा, गोठा शांत असताना, माज पाहायला सुरुवात केली. दिवसाच्या गडबडीत तो हमखास निसटतो. काचेसारखा, तार धरणारा सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) दिसला किंवा गाय दुसरीला अंगावर उडू देत स्थिर उभी राहिली, की माज पक्का. सकाळी दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. विल्यानंतर साधारण 60 दिवसांच्या आत मात्र रेतन करायचं नाही, गर्भाशय सावरू द्यायचं. रेतनानंतर 18 ते 24 दिवस पुन्हा बारीक नजर. माज उलटला नाही, म्हणजे पुन्हा आला नाही, तरी पशुवैद्यकाकडून गाभण तपासणी करायचीच. ही टाळली तर वही निरुपयोगी. वारंवार उलटणारी गाय थेट उपचाराला.

दोन वेतांतलं (विण्यांतलं) अंतर 13 महिन्यांच्या आसपास आलं, तेव्हा तोच खुराक परवडू लागला. म्हशींचा माज बऱ्याचदा मुका, म्हणजे ठळक लक्षणं न दाखवणारा, असतो, तिथे रात्रीची फेरी चुकवू नका.