महापौर हटवायला निघालात? आधी या चुका टाळा

बजेटला कात्री लागली की ‘सह्या करा, महापौर हटवा’ अशी पत्रकं फिरू लागतात. सोलापूरच्या मतदाराला तो अधिकारच नाही. महापौर निवडतात 102 नगरसेवक, अडीच वर्षांसाठी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 मध्ये मतदारांनी महापौराला परत बोलावण्याची तरतूद नाही. शिवाय अंदाजपत्रक मांडतात आयुक्त. ते 16 जणांच्या स्थायी समितीत जातं, मग सर्वसाधारण सभेत. कात्री कुठे लागली हे न शोधता आंदोलनांच्या नेहमीच्या जागी, पूनम गेटला, बसलात, तर ज्याच्या हातात कात्री होती तोच सुटतो.

म्हणून आयुक्तांचा मसुदा, स्थायीचा ठराव आणि सभेचा ठराव, तिन्ही प्रती मागवा. एकच लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं एक खातं, तिन्हींत शोधा. आकडा कुठे घटला ते लगेच दिसतं. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा, विषय एकच ठेवा, मजकूर 150 शब्दांत बसवा. उत्तराची मुदत 30 दिवसांची. नव्या कार्यकर्त्यांना तेवढाही धीर नसतो आणि आकडा हातात नसलेला मोर्चा काढून ते मोकळे होतात. अशा मोर्चाला अधिकारी दोन मिनिटांत वाटेला लावतात.

चुकीच्या रकान्याशी तुलना हीही नेहमीचीच चूक. समजा दवाखान्यांच्या औषधांना गेल्या वर्षी 5 कोटींची तरतूद होती, खर्च झाले 2, आणि यंदा ठेवले 3. तुम्ही म्हणाल 2 कोटी कापले. लेखा विभाग म्हणेल, खर्चापेक्षा 1 कोटी वाढवून दिले. दोन्ही आकडे खरे. तेव्हा तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च दोन्ही मांडा आणि उरलेले 3 कोटी का खर्चले नाहीत, हा प्रश्न आधी विचारा.

आता सह्या. जिथे महापौराला परत बोलावता येतं, तिथेही मोहीम इथेच पडते. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या तेव्हाच्या महापौर लाटोया कँट्रेल यांच्याविरुद्ध 2023 मध्ये 44,976 वैध सह्या हव्या होत्या. पडताळणीत टिकल्या 27,243. आपल्याकडच्या निवेदनाला अशी अट नाही, पण खोट्या सह्या सापडल्या की खऱ्यांचीही किंमत जाते. चौकात टेबल टाकून गठ्ठा जमवणं हा आळस आहे. शहराच्या हद्दीबाहेर, कुंभारीच्या विडी घरकुलात राहणारे कामगार शहरात येतात, सहीही करतात. मतदार मात्र ते महापालिकेचे नाहीत. गल्लीत जा, मतदार यादी हातात ठेवा, प्रत्येक सहीपुढे प्रभाग आणि यादीतला अनुक्रमांक लिहा. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराचं नाव आणि सही घ्या. मागणी प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापा, नाहीतर कोरी पानं नंतर जोडली असा आरोप होतो.

मागणी ‘राजीनामा द्या’ अशी नको. लेखाशीर्ष, रक्कम आणि सुधारित अंदाजपत्रकात ती परत ठेवण्याचा ठराव, एवढंच मागा.

शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागात पत्रक तेलुगूतही काढा.

आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच हातात पडेपर्यंत महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीतून हलू नका.