चर बुजवण्याआधी बघा: फायबरच्या गँगवर देखरेख करताना या चुका टाळा

ऑप्टिकल फायबरच्या, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या काचेच्या तंतूंच्या केबलच्या कामात शेवटी सगळंच झाकलं जातं. डक्ट (केबलचा प्लास्टिक पाइप) मातीखाली जातो, लूप (राखीव केबलचं वेटोळं) चेंबरमध्ये, जॉइंट एनक्लोजर नावाच्या बंद डब्यात आणि स्प्लाइस (दोन तंतूंचा जोड) स्लीव्हच्या नळीत. सुपरवायझरचं खरं काम झाकण पडण्याआधीच्या दहा-वीस मिनिटांत असतं, आणि आपण नेमके तेव्हाच दुसऱ्या साइटवर, फोनवर किंवा डिझेलच्या रांगेत असतो. माझ्या हातून झालेल्या बहुतेक चुका अशाच वेळच्या आहेत.

खोली कुठून मोजली?

गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या भारतनेट योजनेच्या कामात साध्या जमिनीत चराची खोली १.६५ मीटर धरलेली आहे. टेप लावला की फोटोत १.६५ दिसतं. पण टेपचं वरचं टोक कुठे धरलंय? खोदलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर धरलं तर चर आपोआप तीस-चाळीस सेंटिमीटर खोल होतो. चरावर आडवी पहार किंवा सरळ लाकूड मूळ जमिनीला टेकवून ठेवा आणि तिथून खाली मोजा. मोजायची जागाही आपण निवडायची. दर शंभर मीटरला मोजणार हे गँगला माहीत असलं की तेवढ्याच जागा खोल निघतात.

खडक लागला की खोली कमी होणारच. कोकणातला जांभा एक वेळ पहारीला ऐकतो, घाटावरचा काळा पाषाण ऐकत नाही. अशा ठिकाणी काँक्रीट किंवा लोखंडी पाइपाचं संरक्षण द्यायचं आणि कुठल्या मीटरपासून कुठल्या मीटरपर्यंत दिलं ते त्याच दिवशी वहीत लिहायचं. दोन वर्षांनी रस्ता रुंद करायला येणाऱ्या जेसीबीवाल्याला उथळ डक्ट कुठे आहे ते सांगणारी तेवढीच एक नोंद असते.

काळ्या मातीत उभ्या कडा फसव्या असतात. वरून कोरड्या दिसतात, आतून ओल धरतात आणि पावसाच्या एका सरीनंतर अख्खी कड आत येते. चरात माणूस वाकलेला असतो तेव्हा छातीएवढ्या खोलीतही जीव जातो. माती काठापासून निदान दीड मीटर लांब टाकायला लावा, शिडी ठेवा, माणूस आत असताना जेसीबी काठावर आणू देऊ नका. मुकादम म्हणेल, "साहेब, पाच मिनिटांचं काम आहे." त्या पाच मिनिटांसाठीही नाही म्हणा.

खोदण्याआधी पाण्याची लाइन, वीज केबल, दुसऱ्या कंपनीचं फायबर कुठून गेलंय ते विचारा. मार्च २०२३ पासून केंद्र सरकारचं 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप त्यासाठीच आहे. तरीही गावातल्या वायरमनला आणि पाणी सोडणाऱ्या माणसाला भेटल्याशिवाय बकेट लावू नका, आणि शंका असेल तिथे हाताने खड्डा घेऊन बघा.

डक्टचं तोंड उघडं राहिलं

संध्याकाळी काम थांबतं आणि डक्टच्या टोकाला टोपण लावायचं राहून जातं. रात्रीत पाऊस आला की गाळ आत जातो. आठवड्याने केबल ब्लोइंगला (हवेच्या दाबाने डक्टमध्ये केबल सारायला) टीम येते आणि सहाशे मीटरवर केबल थांबते. मग दाब वाढवतात, मागून ढकलतात आणि केबल डक्टमध्ये सापासारखी दुमडते. केबल थांबली की आधी मशीन थांबवा. डक्टमध्ये हवा सोडून शटल आणि स्पंज आरपार जातोय का बघा. खरं तर ही तपासणी ब्लोइंगच्या आधीच व्हायला हवी, चर बुजवल्यावर लगेच, कारण कपलर (डक्टचे तुकडे जोडणारा) निसटला असेल तर तेव्हा माती अजून भुसभुशीत असते. चरात डक्ट नागमोडी पडला असेल तरी घर्षण वाढतं आणि केबल पुढे सरकत नाही. म्हणून तळ सपाट हवा, दगड वेचलेले हवेत आणि डक्टवर पहिला थर चाळलेल्या मातीचा हवा. मे महिन्यात दुपारी कंप्रेसरची हवाच इतकी तापलेली असते की डक्ट मऊ पडतो. कूलर नसेल तर ब्लोइंग सकाळीच उरका.

स्प्लाइस मशीनच्या पडद्यावरचा ०.०१

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. दोन तंतू वितळवून जोडणारं मशीन जोड झाल्यावर प्रकाशाचं नुकसान ०.०१ डीबी दाखवतं तो अंदाज असतो. कॅमेऱ्याने दोन्ही कोर किती सरळ दिसले त्यावरून काढलेला. प्रत्यक्ष प्रकाश जाऊन मोजलेला नसतो. आणि जोड झाल्यानंतर ट्रेमध्ये (जोड ठेवायच्या तबकात) काय झालं, हे त्या आकड्याला माहीतच नाही.

एका जॉइंटची गोष्ट सांगतो. संध्याकाळचे साडेसहा, टेंपोच्या मागच्या फळीवर मशीन, चोवीस फायबर. स्प्लायसर (जोड करणारा माणूस) हाताने सराईत, सगळे जोड ०.०२ च्या आत. एनक्लोजर बंद करून चेंबरमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून कुठे किती नुकसान आहे ते दाखवणारं यंत्र) लावला तर ओळीने सहा फायबर १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला ०.३ ते ०.५ डीबी दाखवत होते, आणि तेच १३१० ला जवळजवळ स्वच्छ. एनक्लोजर पुन्हा उघडलं. ट्रेच्या तोंडाशी हिरवी बफर ट्यूब (फायबरचा एक गट सांभाळणारी नळी) टायने इतकी आवळली होती की तिला घडी पडली होती. जोडांचा काहीच दोष नव्हता. टाय सैल केला आणि मोबाइलवर ओटीडीआरवाला म्हणाला, "दादा, गेलं सगळं."

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो. नुकसान १५५० ला जास्त आणि १३१० ला कमी असेल तर ते वाकणं आहे. एका ट्यूबमधले सगळे फायबर एकाच जागी खराब असतील तर ट्यूब दुमडलीय. सगळ्या ट्यूबमधले सगळे खराब असतील तर केबलच दबलीय. एकच फायबर खराब असेल आणि दोन्ही तरंगलांबींना सारखंच नुकसान असेल, तरच जोड तोडायला सांगायचं. हे न बघता "पुन्हा मार, पुन्हा मार" म्हणत राहिलात तर ट्रेमधली फायबरची लांबी संपते आणि चांगले जोडही धोक्यात येतात.

जोडच खराब असेल तर कारण बहुधा क्लीव्हरमध्ये (फायबर कापायच्या अवजारात) सापडतं. बोथट झालेली पाती फिरवून नव्या धारेवर आणायची असते. मोजणी कोणी ठेवत नाही, ती सुपरवायझरने ठेवावी. इलेक्ट्रोडचंही तसंच. साइट बदलली, उंची किंवा दमटपणा बदलला की आर्क कॅलिब्रेशन (फायबर वितळवणाऱ्या ठिणगीची जुळवणी) करायला सांगा. महाबळेश्वरच्या धुक्यात आणि सोलापूरच्या उन्हात एकच सेटिंग चालत नाही. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोलच हवं. फायबर १२५ मायक्रॉनचा, आतला कोर नऊच मायक्रॉनच्या आसपास. बोटाचा घाम, धुळीचा एक कण एवढंही पुरतं. म्हणून वाऱ्यात ताडपत्री लावल्याशिवाय मशीन उघडायचं नाही.

एकाच बाजूने मोजून जोड पास करू नका. दोन ड्रमच्या फायबरचा गुण थोडा वेगळा असला की एका बाजूने जोडावर उणे ०.०८ डीबी दिसतं, म्हणजे जणू प्रकाश वाढला. दुसऱ्या बाजूने तोच जोड ०.२० दाखवतो. सरासरी ०.०६, म्हणजे जोड उत्तम. पहिला आकडा बघून खूश होणारा आणि दुसरा बघून जोड तोडायला लावणारा, दोघेही चुकतात.

रंगांची चूक ओटीडीआर पकडत नाही. क्रम निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा असा जातो. अंधारात डोक्यावरच्या बॅटरीखाली करडा आणि पांढरा सारखेच दिसतात. अदलाबदल झाली तरी दोन्ही ट्रेस (ओटीडीआरचे आलेख) सुंदर येतात, पण पाच नंबरचा प्रकाश पलीकडे सहा नंबरवर निघतो. दोन्ही टोकांना माणूस ठेवून एकेक फायबर लाल लेझरने किंवा पॉवर मीटरने तपासा. चालू लाइन असेल तर टोकात डोळा घालू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळा जाळतो. काचेचे तुकडे बाटलीत, आणि त्या टेबलावर वडापाव नाही.

फॉल्ट सापडत नाही, कारण आकडा रस्त्याचा नाही

तळकोकणात एका मार्गावर ऐन पावसाळ्यात लाइन गेली. ओटीडीआरने ६.८४ किलोमीटर दाखवलं. मी गाडीच्या मीटरवर तेवढं अंतर मोजून खोदायला लावलं. दोन खड्डे झाले, केबल अखंड होती. चिखलात उभ्या पोरांनी माझ्याकडे बघितलं आणि मला उत्तर देता येईना.

आकडा फायबरचा होता. ट्यूब केबलमध्ये पीळ घेऊन बसलेल्या असतात, म्हणून फायबर केबलपेक्षा साधारण एक टक्का लांब असतो: ६,८४० मीटर फायबर म्हणजे सुमारे ६,७७० मीटर केबल. मधल्या पाच चेंबरमध्ये वीस-वीस मीटरचे लूप, म्हणजे अजून शंभर मीटर वजा. फॉल्ट रस्त्याने ६.६७ किलोमीटरच्या आसपास होता, एका मोरीजवळ, जिथे दगडाने डक्ट चेपला होता. मी जवळजवळ पावणेदोनशे मीटर पुढे खोदत होतो.

हे टाळायचं असेल तर प्रत्येक चेंबरमध्ये केबलवर छापलेला मीटरचा आकडा, येणारा आणि जाणारा दोन्ही, लूप टाकताना वहीत लिहा आणि फोटो काढा. मग फॉल्ट गावापासून न मोजता जवळच्या जॉइंटपासून मोजता येतो. ओटीडीआरमध्ये अपवर्तनांक (काचेत प्रकाश किती मंदावतो तो आकडा) केबलच्या ड्रमच्या कागदावरचाच भरा. पल्स (यंत्र सोडतं तो प्रकाशाचा ठोका) रुंदीही बघा: एक मायक्रोसेकंदाची पल्स ओटीडीआरच्या आलेखावर साधारण शंभर मीटर व्यापते, त्यामुळे जवळजवळचे दोन जॉइंट एकच दिसतात. आणि सुरुवातीला लाँच केबल (यंत्र आणि लाइन यांच्यामधला जादा फायबर) लावल्याशिवाय पहिल्या कनेक्टरबद्दल काही बोलू नका.

घाईचा हिशेब

बऱ्याच साइटवर स्प्लायसरला जॉइंटमागे पैसे मिळतात. त्यामुळे ओटीडीआरसाठी ट्रे उघडा ठेवून वाट बघणं त्याला खिशातून गेल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं खरं आहे. मी ठेकेदाराशी बोलून त्या वाट बघण्याचे पैसे जॉइंटच्या दरातच धरून घेतले. तेव्हापासून एनक्लोजरचे नट आवळण्याआधी माझा फोन वाजतो. पलीकडून चोवीसच्या चोवीस फायबरचे आकडे वाचले जातात, मी वहीत लिहितो, आणि मग म्हणतो, "भाऊ, आता लाव झाकण."