दोन एकरांतला गोठा : आधी वैरण, मग जनावर

सातारा-सांगलीकडच्या दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला घरचे दूध, शेणखत आणि दर दहा दिवसांनी डेअरीकडून हातात येणारी रक्कम यांचा एकदा आधार लागला, की रिकामी दावण बघवत नाही आणि मग जनावर घेण्याची घाई होते. गोठ्यातल्या बहुतेक अडचणींचे मूळ या घाईत असते, म्हणून बाजारात जाण्यापूर्वी वर्षाच्या चाऱ्याचा हिशेब कागदावर मांडावा.

साधारण 400 किलो वजनाच्या दुभत्या संकरित गाईला रोज 20 ते 25 किलो हिरवा चारा आणि 5 ते 6 किलो कोरडी वैरण लागते. म्हणजे वर्षाला किमान सात टन हिरवे आणि दोन टनांच्या आसपास कोरडे. त्याशिवाय शरीरपोषणासाठी सव्वा ते दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो खुराक (पेंड-भरड्याचे खाद्य) धरावा. बारमाही पाणी असेल, तर दहा गुंठे संकरित नेपियरमधून एका गाईचा हिरवा चारा निघतो. त्याच्या जोडीला थोडा लसूणघास असला की खुराकावरचा खर्च हलका होतो. पाण्याची खात्री नसेल, तर गाय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या पर्जन्यछायेच्या तालुक्यांत शेळ्या-मेंढ्या आणि काटक खिलार टिकून आहेत ते याच कारणाने. जतकडची माडग्याळी मेंढी किंवा उस्मानाबादी शेळी बांधावरच्या बाभळीवर, शेवरीवर आणि थोड्या कडब्यावर निभावून नेते. संकरित गाय तसे करू शकत नाही.

कराड-वाळव्याच्या ऊस पट्ट्यात अडचण वेगळी आहे. गळीत हंगामात वाढे (उसाचे हिरवे शेंडे) मुबलक आणि स्वस्त मिळते, म्हणून महिनोन्‌महिने गव्हाणीत केवळ वाढेच पडते. वाढ्यातील ऑक्झॅलेट चाऱ्यातल्या कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे ते जनावराच्या अंगी लागत नाही, हाडे झिजतात आणि दूधही घटते. वाढे पूर्ण बंद करण्याची गरज नाही. परंतु त्यात कडबा आणि मक्याची कुट्टी मिसळावी व रोज सुमारे 50 ग्रॅम खनिज मिश्रण न चुकता द्यावे. कोवळी, पाण्याच्या ताणावरची किंवा खोडव्याला नुकतीच फुटलेली ज्वारी मात्र जनावराच्या तोंडी जाऊ देऊ नये, कारण तिच्यातील विषाने धडधाकट गायही थोड्या वेळात दगावते.

धार काढताना प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन पिळ्या काळ्या फडक्यावर घेऊन पाहाव्यात. त्यात बारीक गाठी दिसल्या किंवा दूध पाण्यासारखे वाटले, तर तो कासदाहाचा, म्हणजे कासेच्या सुजेचा, आरंभ असतो आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे. धार संपल्यावर सडाचे तोंड काही वेळ उघडे राहते. म्हणून वैरण त्यानंतर टाकावी, म्हणजे गाय अर्धा तास तरी उभी राहते आणि शेणामुताच्या जमिनीवर बसत नाही. लाळ्या-खुरकूताची लस वर्षातून दोनदा आणि घटसर्प व फऱ्याची पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी.

या व्यवसायात सुट्टी नाही, हे त्यातले मोठे कष्ट. लग्न असो वा मयत, सकाळ-संध्याकाळची धार चुकत नाही, आणि परक्या हाताला कित्येक गाई पान्हा सोडत नाहीत. म्हणून घरातल्या किंवा भावकीतल्या आणखी एका माणसाचा हात सुरुवातीपासूनच गाईच्या सवयीचा करावा. शेळीपालनात दुसरेच दुःख असते : पोरांनी खांद्यावर खेळवलेला बोकड विकावा लागतो. त्या बोकडाच्या पैशांवरच शेळ्या सांभाळल्या जातात, हे मुलांना आधीच समजावून सांगितलेले बरे.

माज आणि रेतन यांच्या तारखा वहीत लिहाव्यात. माज साधारण 21 दिवसांनी फिरून येतो आणि गाय सुमारे 280 दिवसांनी विते. विण्यापूर्वी दोन महिने तिला आटवावे, म्हणजे धार काढणे थांबवावे. गाय व्यायल्यावर वासराच्या नाकातोंडातला चिकट द्रव पुसावा, गाईला ते चाटू द्यावे आणि नाळेला आयोडीन लावावे. वार (गर्भाभोवतीचे वेष्टन) पडण्यास बारा तास वाट पाहावी. ती ओढू नये किंवा तिला दगड बांधू नये, आणि तेवढ्या वेळात पडली नाही तर पशुवैद्यकाला बोलवावे. व्यायलेल्या गाईचे कान गार पडले आणि ती मान पोटाकडे वळवून बसली, तर तो दुग्धज्वर समजावा. शिरेतून कॅल्शियम वेळेवर मिळाले, तर आडवी पडलेली गाय बहुधा काही तासांत उठून उभी राहते, आणि त्या वेळी घरातल्या माणसांना होणारा आनंद पाहण्यासारखा असतो.

चीक, म्हणजे व्यायल्यावरचे पहिले घट्ट दूध, वासराला पहिल्या दोन तासांत, वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या हिशेबाने, थोडा थोडा करून पाजावा. रोगाशी लढण्याची ताकद त्याला त्यातूनच मिळते. खरवसासाठी आळीतून तांबे येतात आणि तो वाटण्यात समाधानही आहे. मात्र पहिल्या दिवशीचा चीक वासराचा असतो, शेजाऱ्यांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा द्यावा.