किंडर स्काउट : माथ्यावर नव्हे, कड्यावरून चालण्याचा डोंगर

मँचेस्टर किंवा शेफील्डला राहणाऱ्या मराठी माणसाला सुटीच्या दिवशी डोंगराची ओढ लागली, तर जवळचा आणि माझ्या मते सर्वांत समाधान देणारा पर्याय म्हणजे डर्बीशरमधील किंडर स्काउट. त्याची उंची 636 मीटर आहे. सह्याद्रीतले गड चढलेल्यांना हा आकडा किरकोळ वाटेल, परंतु या डोंगराला सुळका नाही, बुरूज नाही, किंबहुना शिखर म्हणावे असे काहीच नाही. वर गेल्यावर लागते ते काळ्या पीटचे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या मातीचे, विस्तीर्ण पठार, आणि सर्वांत उंच जागा त्या पीटमध्येच कुठेतरी असल्याने ती डोळ्यांनी ओळखताही येत नाही. त्यामुळे माथा गाठण्याचा हट्ट सोडावा आणि पठाराच्या कडेने चालण्याचा बेत आखावा. या डोंगराचे सारे वैभव त्याच्या कडांवर आहे.

सुरुवात ईडेल गावातून करावी. मँचेस्टर ते शेफील्ड या रेल्वेमार्गावरच ईडेल स्थानक असल्यामुळे मोटारीची गरज पडत नाही. निघण्यापूर्वी परतीच्या गाड्यांच्या वेळा लिहून घ्याव्यात, कारण खोऱ्यात मोबाइलच्या रेंजचा भरवसा धरता येत नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा ‘डार्क पीक’ हा 1:25,000 प्रमाणाचा नकाशा आणि होकायंत्र सोबत असू द्यावे. घोट्याला आधार देणारे जलरोधक बूट, वाऱ्यापावसाचे जाकीट, एक जादा लोकरी थर, शिट्टी आणि डोक्याला लावायची विजेरी एवढे सामान उन्हाळ्यातही हवेच. गावात कोवळे ऊन असताना वर बोचरा वारा सुटलेला असणे ही येथे रोजची गोष्ट आहे, तेव्हा हवामानाचा अंदाज पाहताना गावाचा न पाहता डोंगरमाथ्याचा पाहावा.

गावातून पश्चिमेकडे शेतांमधून जाणारी वाट म्हणजेच 1965 साली खुली झालेल्या 431 किलोमीटर लांबीच्या ‘पेनाइन वे’ या लांब पल्ल्याच्या पायवाटेचा पहिला टप्पा होय. पाट्यांवरील ओकफळाची खूण पाहत अपर बूथ या वस्तीपर्यंत जावे. वाटेतली फाटके जशी सापडतील तशीच ठेवावीत, म्हणजे उघडी असतील तर उघडी आणि बंद असतील तर बंद, कारण त्यामागे शेतकऱ्याचा मेंढ्यांचा हिशेब असतो. पुढे ओढ्यावरचा लहानसा दगडी पूल ओलांडला की ‘जेकब्स लॅडर’ हा दगडी पायऱ्यांचा खडा चढ लागतो. दिवसातील खरी दमछाक एवढीच असल्याने ती सावकाश पार करावी. चढ संपल्यावर थोडे उत्तरेला 633 मीटरवरील ‘किंडर लो’ हा मोजणीचा पांढरा खांब आहे. तेथे जाऊन परत कड्याच्या वाटेवर यावे आणि पूर्वेकडे वळावे.

येथून कड्यावरील ग्राइंड्सलो नोल या टेकाडापर्यंतचा टप्पा हा या फेरीचा गाभा आहे आणि त्यासाठी हाताशी भरपूर वेळ ठेवावा. सुमारे 32 कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड नदीच्या मुखाशी साचलेल्या वाळूचा ग्रिटस्टोन नावाचा भरड खडक झाला, आणि पुढे वारा, पाऊस व हिम यांनी त्याला झिजवून विलक्षण आकार दिले. ‘नो स्टूल’ हा खडक लोहाराच्या ऐरणीसारखा दिसतो, तर ‘वूलपॅक्स’ येथे गुबगुबीत शिळांचा असा जमाव आहे की दुरून गुरांचा कळप रवंथ करीत बसल्याचा भास होतो. या दगडावर तळहात ठेवून पाहावा. कणन् कण हाताला लागतो. कोरड्या दिवशी बूट त्यावर घट्ट बसतात, मात्र हिरवट थर धरलेल्या ओल्या शिळांवर पाय देऊ नये.

आता पायांखालच्या जमिनीविषयी. पीट म्हणजे पाणथळ जागी पुरते न कुजता हजारो वर्षे साठत गेलेले वनस्पतींचे अवशेष. ते वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, म्हणजे गुडघाभर खोल चरामागे शेकडो वर्षे उभी असतात. आसपासच्या कारखान्यांच्या धुराने येथले स्फॅग्नम शेवाळ मेले, मेंढ्यांनी आणि वणव्यांनी उरलेसुरले आच्छादन नेले, आणि उघडे पडलेले पीट पावसाबरोबर वाहून जाऊ लागले. 1982 पासून हा डोंगर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, आणि गेली काही वर्षे चरांना बांध घालून, बी पेरून व शेवाळाची रोपे लावून पठार पुन्हा ओले करण्याचे काम चालू आहे. अशा एखाद्या बांधामागे थांबून हिरव्या-तांबूस शेवाळावर बोट हलकेच दाबून पाहावे. स्पंजातून यावे तसे गार पाणी वर येते. ते उपटू मात्र नये, आणि चिखल टाळण्यासाठी वाटेच्या कडेने नवी वाट तर मुळीच पाडू नये. चिखलातूनच जावे, बूट धुता येतात.

प्राणी-पक्षी पाहायचे असतील तर ऋतू विचारपूर्वक निवडावा. डोंगरी ससा इंग्लंडमध्ये फक्त पीक डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे किंडर ज्यात येतो त्या डोंगराळ प्रदेशात, आढळतो. एकोणिसाव्या शतकात शिकारीसाठी तो स्कॉटलंडमधून आणला गेला. हिवाळ्यात तो पांढरा होतो, परंतु कानांची टोके काळीच राहतात. बर्फ वितळलेले असते आणि सशाचा पांढरा कोट उतरलेला नसतो, असे फेब्रुवारी-मार्चमधले दिवस साधावेत. वाऱ्याच्या आडोशाला, शिळांच्या पायथ्याशी दुर्बिणीने शोधत राहावे. पांढरा दगड वाटलेली वस्तू अचानक कान टवकारते. हेदरच्या झुडपांतून ‘गो-बॅक, गो-बॅक’ असा आवाज करीत उडणारा पक्षी म्हणजे रेड ग्राउज. एप्रिल-मेमध्ये कर्ल्यूची लांबत जाणारी शीळ आणि गोल्डन प्लोव्हरचा उदास सूर ऐकू येतो. हे पक्षी जमिनीवरच घरटी करतात, म्हणून 1 मार्च ते 31 जुलै या काळात कुत्र्याला दोन मीटरहून लांब नसलेल्या दोरीने बांधून ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. जूनमध्ये कॉटनग्रासचे पांढरे झुबके डोलतात आणि ऑगस्टमध्ये हेदर फुलून उतार जांभळे होतात.

या मोकळ्या जमिनीवर आज कोणीही चालू शकतो, यामागेही कष्ट आहेत. 24 एप्रिल 1932 रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने शेकडो कामगार पश्चिमेकडील हेफील्ड गावाच्या बाजूने, खासगी जमिनीवर फिरण्याची बंदी मोडून किंडरवर चढले आणि त्यांतील पाच जणांना तुरुंगवास झाला. पीक डिस्ट्रिक्ट 1951 साली ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, आणि मोकळ्या माळरानांवर पायी फिरण्याचा हक्क 2000 सालच्या कायद्याने मिळाला. शक्य झाल्यास एखादी फेरी हेफील्डहूनही करावी.

वेळेचा हिशेब सोपा आहे. पाच किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास धरावा. ही फेरी साधारण 14 किलोमीटरची आणि चढ सुमारे 450 मीटरचा, म्हणजे नुसते चालणे साडेतीन तासांचे. थांबण्यासह सहा तास मोकळे ठेवावेत. डिसेंबरमध्ये चारच्या आधीच सूर्य मावळतो, तेव्हा सकाळच्या पहिल्या गाड्यांपैकी एखादी पकडावी.

धुके दाटले तर पठाराच्या आत शिरू नये. आतले चर एकसारखे दिसतात आणि जाणकारही त्यांत भरकटतात. पूर्वेकडे जाताना ईडेलचे खोरे कायम उजव्या हाताला असले पाहिजे, एवढे ध्यानात ठेवून कड्याची वाट सोडू नये. अपघात झाल्यास 999 वर पोलीस मागून ‘माउंटन रेस्क्यू’, म्हणजे डोंगरातले बचावपथक, हवे असे सांगावे. फोन लागत नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी वाजवावी, एक मिनिट थांबावे आणि पुन्हा वाजवावी. ग्राइंड्सलो नोलवरून गावाकडची उतरण गवताळ पण तीव्र आहे, गुडघे दुखत असतील तर काठ्या येथेच काढाव्यात. स्थानकावर गाडीची वाट पाहताना पायमोज्यांच्या कडा आणि पोटऱ्या तपासून गोचीड चिकटलेली नाही ना, हे पाहून घ्यावे.