जुनी एसएक्स-फोर शोधताय? दुर्मीळ गाडीच्या मोहात या चुका टाळा

दर्यापूरकडच्या एका गावात लिंबाखाली उभ्या असलेल्या चंदेरी एसएक्स-फोरची डिक्की मी उघडली, चटई उचलली, स्टेपनी बाहेर काढली आणि खालच्या पत्र्यावर अंगठा दाबला. पत्रा बिस्किटासारखा तुटला. त्या भोकातून खालची माती दिसत होती. गाडीवाला शांतपणे म्हणाला, "जुनी गाडी हाय भाऊ, येवढं तं राह्यतेच." मी मात्र त्याला चार दिवस आधीच, फक्त फोटो पाहून, 21 हजार इसार पाठवून बसलो होतो. तो परत मिळाला नाही.

मारुतीची ही गाडी 2007 मध्ये आली आणि 2014 मध्ये सियाझ आल्यावर बंद झाली. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्ह्याकडे बोलेरो, अल्टो, डिझायर पाहिजे तेवढ्या मिळतात, पण पेट्रोलची, मॅन्युअल गिअरची, बऱ्या अवस्थेतली एसएक्स-फोर शोधायला मला सात महिने लागले. हीच गाडी का, तर सेडान असूनही तिचं पोट जमिनीपासून 180 ते 190 मिलिमीटर उंच आहे. शेताकडच्या पांदणीवर तिचं पोट घासत नाही, आणि सीट उंच असल्यामुळे गुडघेदुखी असलेल्या आईला बसा-उठायला त्रास होत नाही. ज्यांना अशीच गाडी हवी आहे त्यांचे पैसे आणि हेलपाटे वाचावेत म्हणून हे लिहितो आहे. होंडा सिटीचं जुनं मॉडेल, लिनिया किंवा फिएस्टा शोधत असाल तरी यातलं बरंच लागू पडेल.

फोटो पाहून इसार देणं

"पार्टी अकोल्याहून निघाली आहे, सांजच्याला गाडी जाईन," असा फोन आला की माणूस घाबरतो. इतकी शोधून सापडलेली गाडी हातची जाईल या भीतीने मीही पैसे पाठवले. खरं तर जी गाडी वर्षभर कुणी घेतली नव्हती, ती त्याच संध्याकाळी जाणार नव्हती. इसार द्यायचाच तर गाडी पाहिल्यावर द्या. कागदावर गाडीचा नंबर, ठरलेली किंमत, इसाराची रक्कम आणि "कागदपत्रांत किंवा तपासणीत दोष निघाल्यास इसार परत" हे वाक्य लिहून घ्या, दोघांच्या सह्या घ्या.

दुसरं म्हणजे चारचाकी भाड्याने करून, सोबत चार माणसं घेऊन गाडी पाहायला जाऊ नका. दीडशे किलोमीटर गेल्यावर रिकाम्या हाताने परत यायची लाज वाटते, आणि त्या लाजेपायी वाईट गाडी गळ्यात पडते. एसटीने जा, सोबत फक्त मिस्त्री न्या. त्याची दिवसाची मजुरी आणि जेवण हा या व्यवहारातला सगळ्यात स्वस्त खर्च आहे.

गाडी कुठल्या पाण्यात आणि मातीत राहिली, हे न विचारणं

माझ्या मते आपल्या भागात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथल्या बोअरचं पाणी खारट. त्या पाण्याने दहा-बारा वर्षं धुतलेली गाडी वरून चकचकीत असते, पण दारांच्या खालच्या कडा, चाकांवरचे कमानीचे पत्रे, डिक्कीचा तळ आणि सायलेन्सरचे हँगर आतून खाल्लेले असतात. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी तेच पाणी ओतलं असेल तर आत क्षार धरतो आणि नळ्या बुजतात. थंड एंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडा. पाणी हिरवं किंवा गुलाबी दिसलं तर ठीक. तांबूस पाणी आणि झाकणाला पांढरा खरपुडा दिसला की रेडिएटर बदलण्याचा खर्च धरूनच किंमत बोला.

काळी मातीही कमी नाही. पावसाळ्यात ती चाकांच्या कमानीत घट्ट बसते, आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवते, आणि पत्रा तिच्या मागून सडत जातो. कमानीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. बाहेरच्या रंगाखाली पुट्टी आहे का, हे पातळ कपड्यात गुंडाळलेल्या लोहचुंबकाने कळतं. पत्र्याला तो चिकटतो, पुट्टीच्या जागी घसरतो.

एक गाडी कारंज्याजवळच्या जिनिंगमध्ये उभी असायची. एसी गार होत नव्हता आणि मालक गॅस भरून देतो म्हणत होता. मिस्त्रीने बंपरच्या जाळीतून टॉर्च मारला तर कंडेन्सरच्या पट्ट्यांत रुई आणि धूळ जमून गोधडीसारखा थर झाला होता. तिथे गॅस भरून काही उपयोग नव्हता.

नागपूरची गाडी घेत असाल तर 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि रस्त्यावर, बेसमेंटमध्ये उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. अशी गाडी सुकवून, धुऊन, सेंट मारून विकली जाऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातीची रेघ दिसली, सीटच्या रुळांना गंज दिसला, हेडलाइटच्या आत बाष्प दिसलं किंवा कार्पेटखाली बारीक गाळ हाताला लागला, तर ती गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. वायरिंगमध्ये शिरलेलं पाणी वर्षभराने त्रास देतं आणि तो दोष कुणालाच सापडत नाही.

एकदाच आणि भर दुपारी पाहणं

एंजिन थंड असताना सुरू होतं कसं, हे पाहणं सगळ्यात महत्त्वाचं. त्यासाठी "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका" असं सांगून बोनेटला हात लावून पाहा, असा सल्ला देतात. मे महिन्यात आपल्याकडे 45 अंशांत बोनेट तसंही तापलेलं असतं, तिथे हात लावून काय कळणार? म्हणून पहाटे सहाला पोहोचा. पहिल्याच सेल्फला सुरू झाली पाहिजे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर एंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाणी जळतंय. ऑइलचं झाकण उघडून त्याची आतली बाजू पाहा. दुधाळ चहाच्या सायीसारखा थर असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या.

आणि एसी तपासायला त्याच गाडीपाशी दुपारी दोनला पुन्हा जा. सकाळी कोणाचाही एसी गार लागतो. जागेवर उभी ठेवून वीस मिनिटं एसी चालवा आणि टेंपरेचरचा काटा पाहात राहा. आपल्या उन्हात या वीस मिनिटांत रेडिएटर, फॅन, थर्मोस्टॅट आणि कॉम्प्रेसर चौघांचीही परीक्षा होते.

चावी फिरवल्यावर, एंजिन सुरू करण्याआधी, मीटरवरचे सगळे दिवे लागतात का ते पाहा. एअरबॅगवाल्या गाडीत एअरबॅगचा, एबीएसवाल्या गाडीत एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि नंतर विझला पाहिजे. दिवा लागतच नसेल तर दोष लपवायला तो काढून टाकलेला असू शकतो.

मीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवणं

मीटर मागे करणं सोपं आहे. 2010 ची गाडी 48 हजार किलोमीटर दाखवत असेल तर पेडलचं रबर, स्टिअरिंगचा गुळगुळीतपणा आणि ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड पाहा. टायरवर चार आकडी कोड असतो. 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. अधिकृत सर्व्हिस सेंटरवर गाडीच्या नंबरावरून जुनी सर्व्हिस विचारून घ्या, मालक सोबत असला तर बरेचदा सांगतात. मी पाहिलेली एक गाडी 2016 मध्येच 91 हजारांवर होती, मीटर दाखवत होतं 62.

कागद शेवटी पाहणं

कागद आधी पाहायचे, गाडी नंतर. नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि मुदत घरबसल्या दिसते. ई-चलानही नंबरावरून पाहून घ्या.

खासगी गाडीची आरसी, म्हणजे नोंदणीचा दाखला, 15 वर्षांसाठी असते. 2007 ते 2010 मधल्या एसएक्स-फोरची मुदत संपून गेलेली आहे. म्हणजे आधी तपासणी आणि पुनर्नोंदणी, मग नाव चढवणं. पुनर्नोंदणीची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झाली, वर पर्यावरण कर, आणि नवी मुदत पाच वर्षांची. हे काम विकणाऱ्याकडून त्याच्याच नावावर करून घ्या आणि मग व्यवहार करा. "तुमी करून घ्या, दोन-चार हजार कमी द्या," असं म्हणणाऱ्याला तपासणीत गाडी पास होणार नाही हे बहुधा ठाऊक असतं.

सातबाऱ्यावर बोजा पाहतो तसा आरसीवरचा बोजाही पाहा. कर्ज फिटलं, पण आरसीवरून बँकेचं नाव उतरवलंच नाही, असं आपल्याकडे सर्रास आहे. बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म 35 लागतो. पतसंस्था बंद पडली असेल तर तो कागद मिळवता मिळवता वर्ष जातं. माझी तिसरी गाडी अशीच हुकली. गाडी उत्तम होती, मालक सज्जन होता, पण बोजा उतरवणारा कुणी सापडेना.

टीटी फॉर्म म्हणजे नाव बदलायचे फॉर्म 29 आणि 30. विकणाऱ्याने कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या म्हणून निर्धास्त राहू नका. आरसीवर ज्याचं नाव आहे तोच माणूस समोर हवा. दोन-तीन हात फिरलेली, पण नाव पहिल्याचंच, अशा गाड्या खूप आहेत. एकाच राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विकणारा टाळाटाळ करत असेल तर त्याला समजावून सांगा की 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने अपघाताच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे: रजिस्टरवर ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. नाव बदलण्यात त्याचंच हित आहे.

विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई नाव बदलल्याशिवाय अडते. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र जुन्या मालकाकडेच राहतो, तो आपल्याला मिळत नाही. एसएक्स-फोर 2019 च्या आधीची असल्यामुळे तिला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते. ती नसेल तर आरटीओतली कामं अडतात.

एमएच-27, 29, 30, 31, 37 (अमरावती, यवतमाळ, अकोला, नागपूर, वाशिम) यातलं कुठलंही पासिंग चालेल. दिल्लीची स्वस्त गाडी दिसली की मात्र थांबा. तिकडे 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली, म्हणून त्या कमी भावात बाहेर निघतात. इथे आणायला तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला कर आणि नवा नंबर एवढं सगळं लागतं. तो हिशेब केला की स्वस्ताई उरत नाही.

पार्ट कुठून येतील, हे न ठरवणं

डिझेलचं 1,248 सीसी एंजिन स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा, रिट्झ सगळ्यांत होतं, त्यामुळे यवतमाळ, पुसद कुठेही त्याचे पार्ट आणि मिस्त्री मिळतात. पेट्रोलचं 1.6 लिटरचं एंजिन मारुतीने इथे बनवलेल्या दुसऱ्या कुठल्या गाडीत दिलं नाही. मजबूत आहे, टायमिंग चेनवर चालतं, बेल्ट बदलायची कटकट नाही. पण सेन्सर किंवा क्लच प्लेट मागवली तर थांबावं लागतं. सगळ्यात अवघड हेडलाइट, बंपर आणि काचा. म्हणून फुटक्या हेडलाइटची गाडी "नंतर बसवून घेऊ" म्हणून घेऊ नका. आधी आपल्या मिस्त्रीला विचारा, दोन दुकानांत फोन करा, भाव आणि किती दिवस लागतील ते लिहून ठेवा, मग बोलणी करा. सीएनजी बसवलेली असेल तर आरसीवर नोंद आणि सिलिंडरच्या तीन वर्षांच्या चाचणीचा कागद पाहा. दोन्ही नसेल तर सोडा.

गाडी घरी आणल्यावर

चालताना एसी गार आणि उभी राहिली की गरम हवा, तर कंडेन्सरचा फॅन किंवा बुजलेल्या पट्ट्या पाहा, लगेच गॅस भरू नका. गर्दीत एंजिन तापतं आणि हायवेवर ठीक राहतं, तर रेडिएटर फॅन किंवा त्याचा रिले. हायवेवर तापतं, तर रेडिएटर आतून बुजलेला. खड्ड्यात पुढून ठकठक येते, तेव्हा मिस्त्री थेट शॉकअप बदलायला सांगतो. आधी स्ट्रटच्या वरचं माउंटिंग आणि लिंक रॉड पाहायला लावा, माझ्या गाडीचा आवाज तेवढ्यानेच गेला. पेट्रोलचा वास आला तर गाडी तशीच चालवू नका. या काळातल्या गाड्यांचे रबरी पाइप 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते, ते सगळे एकदा तपासून घ्या.

पहिल्याच आठवड्यात एंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला. जुन्या मालकाने कालच बदललं म्हटलं तरी बदला. आणि गाडी कापसाच्या किंवा सरकीच्या गोदामात उभी करू नका. आमच्याकडे दिवाळीनंतर आठ दिवसांत उंदरांनी बोनेटखालच्या वायरी कुरतडल्या, तेव्हापासून रात्री गाडी अंगणात, उघड्यावर, बोनेट थोडं वर करून ठेवतो.