जुने हाय-फाय स्पीकर घरी आणलेत? स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी या चुका टाळा

पुण्याच्या जुन्या बाजारातून एका रविवारी सेलेस्टियन कंपनीच्या डिटन १५ स्पीकरची जोडी आणली. विकणाऱ्याने आधीच सांगितलं होतं, "साहेब, दोन्ही खोक्यांतला एकेक स्पीकर डेड आहे, म्हणून भाव कमी." घरी येऊन जाळी काढली. प्रत्येक खोक्यात दोन मोठे गोल आणि एक छोटा ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा स्पीकर. मोठ्या दोघांपैकी एक वाजत होता, दुसऱ्याला वायरच नव्हती. मेकॅनिककडे नेलं. त्याने बिनवायरीचा गोल काढून तिथे ८ इंची नवा वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, बसवला आणि चालू वूफरच्या वायरीलाच त्याची वायर जोडून दिली. घरी लावल्यावर होता तो खर्जही गेला, आणि अ‍ॅम्प अर्ध्या तासात तव्यासारखा तापला.

काढून टाकलेला तो गोल मुळात डेड नव्हताच. त्याला एबीआर म्हणतात, ऑक्झिलरी बास रेडिएटर. त्याला मॅग्नेट नसतो, व्हॉइस कॉइल (तारेची गुंडाळी) नसते, म्हणून वायरही नसते. शेजारचा वूफर आत-बाहेर झाला की बंद खोक्यातली हवा या तबकडीला ढकलते आणि तळाचा खर्ज ती देते. काही स्पीकरांना मागे किंवा पुढे भोक असतं, त्या भोकाचंच काम ही करते. केईएफच्या मॉडेल १०४ मध्येही अशीच निष्क्रिय तबकडी आहे. ओळखायला सोपी आहे: चालू वूफर दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच आत दाबा. तबकडी बाहेर आली, तर ती जिवंत आहे आणि खोकं हवाबंदही आहे. अ‍ॅम्प का तापला, तेही उघड आहे. दोन वूफर समांतर जोडले की त्यांचा मिळून रोध जवळपास निम्मा होतो, आणि अ‍ॅम्पला जास्त करंट द्यावा लागतो.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हापासून नियम एकच पाळतो: हातात आलेली वस्तू नेमकी काय आहे हे कळेपर्यंत तिचा एकही स्क्रू सैल करायचा नाही, आणि कोणाला करू द्यायचा नाही.

बॅज वाचून नाव ठरवणे

जाळीवरची पितळी पट्टी किंवा प्लॅस्टिकचा बॅज दोन थेंब गोंदाने कुठेही चिकटतो. खोकंही फार खरं बोलत नाही. इंग्लंडमध्ये व्हार्फडेल, गुडमन्स, टॅनॉय या कंपन्या सुटे ड्रायव्हर (पेटीत बसवायचे वूफर, ट्वीटर वगैरे) विकत आणि हौशी लोक ते घरी बनवलेल्या पेट्यांत बसवत. आपल्याकडे तर सुताराकडून सागवानी पेटी करून घेण्याची रीतच होती. त्यामुळे खोकं कोथरूडचं आणि आतला माल यॉर्कशरचा, असं सहज होऊ शकतं. उलटही होतं: पेटी अस्सल, पण आत गल्लीतल्या दुकानाचा वूफर.

खरं काय ते मॅग्नेटच्या पाठीवर लिहिलेलं असतं. टॅनॉयच्या ड्युअल कॉन्सेन्ट्रिक ड्रायव्हरवर (वूफरच्या मधोमध ट्वीटर असलेला) मागच्या झाकणावरच मॉनिटर सिल्व्हर, मॉनिटर रेड, मॉनिटर गोल्ड असं नाव असतं. गोल्ड १९६७ पासूनचा आणि ८ ओहम रोधाचा, त्याआधीचे १५ ओहमचे. हा फरक अ‍ॅम्प निवडताना उपयोगी पडतो आणि भाव करताना त्याहून जास्त.

वेगळ्या कंपनीचा ड्रायव्हर दिसला की "नकली" म्हणणे

ही चूक नवशिक्यापेक्षा थोडं वाचलेला माणूस जास्त करतो. रॉजर्सचा एलएस३/५ए उघडला आणि आत केईएफचे शिक्के दिसले, म्हणून एकाने तो "मिक्स माल" म्हणून परत केल्याचं मी पाहिलं आहे. वास्तविक बीबीसीने बाहेरच्या ध्वनिमुद्रणाच्या गाड्यांसाठी हा छोटा मॉनिटर, म्हणजे ध्वनिमुद्रण तपासून ऐकायचा स्पीकर, आखला तोच केईएफचे बी११० आणि टी२७ हे ड्रायव्हर धरून. परवाना घेऊन तो बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या पेटीत त्या काळी केईएफचेच ड्रायव्हर आहेत. स्पेंडॉरच्या बीसी१ मध्ये सेलेस्टियनचा एचएफ१३०० ट्वीटर असतो, आणि तोच ट्वीटर माझ्या डिटन १५ मध्येही. तेव्हा खोक्यात दोन-तीन कंपन्या नांदत असतील तर आधी त्या मॉडेलच्या मूळ यादीत काय होतं ते पाहा.

तपासायचं ते डावं-उजवं. दोन्ही खोक्यांत तोच ड्रायव्हर, तोच शिक्का, तोच डस्ट कॅप (मधली टोपी), तीच डिंकाची रेष आहे का? लाऊडस्पीकरचे कोन, म्हणजे थरथरून आवाज देणारे शंकू, बदलून देणारे कारागीर आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत आणि गणपतीच्या मोसमात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. ते काम चोख करतात, पण मांडवातल्या भोंग्यासाठी. त्यांच्याकडचा जाड कागदी कोन हाय-फायच्या वूफरवर चढला की आवाज येतो, पण तो स्पीकर राहत नाही. एका बाजूचा कोन जास्त चकचकीत, कडेला डिंकाचे थेंब, मधली टोपी वेगळ्या आकाराची असं काही दिसलं तर भाव निम्म्यावर आणा.

मागचे आकडे न वाचणे

माझ्या मते या छंदातली खरी गंमत इथे आहे, आणि लोक हेच सोडून देतात.

फिलिप्सचे ड्रायव्हर आपल्याकडे खूप सापडतात. त्यांवर एडी ८०६०/डब्ल्यू८ असं काही छापलेलं असतं. एडीनंतरचा ८ म्हणजे ८ इंच, डब्ल्यू म्हणजे वूफर, शेवटचा ८ म्हणजे ८ ओहम. एडी ५०६०/एसक्यू८ म्हणजे ५ इंची स्क्वॉकर, म्हणजे मधल्या सुरांचा मिड-रेंज. एडी ०१६०/टी८ म्हणजे १ इंची डोमचा ट्वीटर. एवढी किल्ली हातात असली की भंगाराच्या ढिगात बसून कुठला माल कुठला ते ओळखता येतं, दुकानदाराला विचारायची गरज नाही.

अमेरिकी ड्रायव्हरवर सहा-सात आकडी शिक्का असतो. सुरुवातीचे आकडे कारखान्याचे: २२० जेन्सन, १३७ सीटीएस, ३२८ युटा. पुढचे वर्ष आणि आठवडा. १३७७४१२ म्हणजे सीटीएसने १९७४ च्या बाराव्या आठवड्यात बनवलेला. जुन्या शिक्क्यात वर्षाचा एकच आकडा असतो. १३७४१२ दिसलं तर साल १९५४, ६४ की ७४, हे मॅग्नेट, कोन आणि पेटीचा घाट पाहून ठरवावं लागतं. दोन्ही खोक्यांतल्या तारखा काही आठवड्यांच्या अंतराने असतील तर जोडी बहुधा मूळची.

पाठीमागचं सॉकेटही बोलतं. एक पिन गोल आणि एक चपटी असं दोन पिनांचं डिन सॉकेट असेल तर माल युरोपचा, बहुतेक सत्तरच्या दशकातला. गोल पिन प्लस, चपटी मायनस. जर्मन पाटीवर वॅटचे दोन आकडे असतात, त्यातला लहान आकडा धरून चाला.

कधी कधी अक्षरांची दिशाच उत्तर देते. यामाहाचा पांढऱ्या कोनचा एनएस-१०एम १९७८ चा, घरी उभा ठेवण्यासाठी केलेला, म्हणून त्यावरची अक्षरं खोकं उभं असताना सरळ वाचता येतात. स्टुडिओवाले तो आडवा ठेवू लागले, मग १९८७ च्या स्टुडिओ मॉडेलवर कंपनीने अक्षरंच आडवी छापली. घरगुती जोडी "स्टुडिओ आहे" म्हणून चढ्या भावाने गळ्यात मारणारे भेटतात. मान तिरकी करून वाचा.

त्याच घराण्यातला मोठा भाऊ एनएस-१०००एम. त्याचे ट्वीटर आणि मिडचे डोम बेरिलियमचे आहेत. डोम फुटलेला असेल तर हात लावू नका, घासू नका, फुंकर मारू नका. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असते.

स्वच्छतेच्या उत्साहात चिकट थर पुसणे

काही वूफरांची कडेची घडी कापडाची असते आणि तिच्यावर चिकट लेप असतो. केईएफच्या बी११० सारख्या बेक्स्ट्रीन या प्लॅस्टिकच्या कोनवरही लेप दिलेला असतो. त्यावर धूळ बसते, बोट लावलं की काळं होतं, आणि दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी स्पिरिटचा बोळा घेऊन बसतं. तो लेप कारखान्यात मुद्दाम दिलेला असतो. कापडातून हवा निसटू नये आणि कोन नको तिथे थरथरू नये म्हणून तो असतो. मऊ कोरडा ब्रश फिरवा, तेवढं पुरे.

फोमची घडी मात्र वेगळी. पॉलियुरेथेन फोम हवेतल्या दमटपणाने कुजतो, मुंबई-कोकणात आणखी लवकर. बोट लावल्यावर चिकट भुगा आला की तो गेला. विकणारे त्यावर फेव्हिकॉल आणि काळा रंग लावून ठेवतात, म्हणून घडी नखाने अगदी हलकी दाबून पाहा. लवचीक हवी, कडक असेल तर रंगरंगोटी आहे. फोम गेला म्हणजे स्पीकर गेला असं अजिबात नाही. नवी घडी मिळते. फक्त ती इंचाच्या अंदाजाने मागवू नका. कोनचा व्यास, चौकटीचा आतला व्यास आणि घडीची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा. आणि कुजलेल्या फोमवर आवाज वाढवून वाजवू नका, कॉइल तिरकी होऊन घासते. मग खरंच गेला.

"मिड मेला", "ट्वीटर उडाला" असं घाईने ठरवणे

अकूस्टिक रिसर्चच्या एआर-३ए सारख्या स्पीकरांना मागे ट्वीटर आणि मिड कमी-जास्त करायच्या दोन फिरक्या असतात. आत गंज धरतो आणि आवाज पूर्ण बंद होतो. फिरकी पंचवीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. खरखरत का होईना आवाज आला, तर ड्रायव्हर ठीक आहे.

मल्टीमीटरही फसवतो. ८ ओहमचा ड्रायव्हर मीटरवर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, म्हणजे तो "जळत चाललेला" नाही. मागच्या टर्मिनलला मीटर लावून ट्वीटर कळत नाही, कारण वाटेत कंडेन्सर असतो. ट्वीटरची एक वायर सोडवूनच मोजावं लागतं.

दीड व्होल्टच्या सेलने पोलॅरिटी (प्लस-मायनस कुठे ते) पाहणं चांगलं, सेल क्षणभरच टेकवा. पण जुन्या जेबीएलमध्ये लाल टर्मिनलला प्लस लावला की कोन आत जातो. कंपनीची पद्धतच तशी होती. काही खोक्यांत ट्वीटर मुद्दाम उलटा जोडलेला असतो. "चूक सुधारली" असं समजून वायरी उलटसुलट करणाऱ्याने आवाजाचं वाटोळं केलेलं असतं. डावं आणि उजवं सारखं वागतंय ना, एवढंच पाहा.

कंडेन्सर सरसकट बदलणे

पन्नास वर्षांत इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकतात, हे खरं. पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन "२२ मायक्रोफॅरड द्या" म्हणालात तर पॉवर सप्लायमधला प्लस-मायनसवाला मिळेल, आणि तो क्रॉसओव्हरमध्ये (वूफर-ट्वीटरला आपापले सूर वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये) चालत नाही. बायपोलर किंवा नॉन-पोलर असंच मागा, नाहीतर फिल्म कंडेन्सर घ्या. बदलले तर दोन्ही खोक्यांतले एकदम. सोल्डर काढण्याआधी मोबाइलवर फोटो, चारही बाजूंनी.

एक हाताची सवय सांगतो. स्क्रू सुटला तरी ड्रायव्हर खोक्याला चिकटून बसतो, आणि माणूस लोखंडी स्क्रूड्रायव्हर कडेत खुपसतो. आतला मॅग्नेट तो खेचतो आणि टोक थेट कोनमधून आरपार. प्लॅस्टिकची पट्टी किंवा लाकडी चमच्याचा दांडा वापरा.

पेटीचा तळही उलटून पाहा. चिपबोर्ड पावसाळ्यात ओल धरून पावासारखा फुगतो, आणि फुगलेली कड परत बसत नाही.

माझ्या डिटनचं पुढे काय झालं? सहा महिन्यांनी त्याच मेकॅनिककडे गेलो आणि बिचकत विचारलं. तो म्हणाला, "ती दोन झाकणं होय? माळ्यावर आहेत, काका. टाकवेनात, बनावट चांगली होती." नवे वूफर काढले, झाकणं जागेवर बसवली, कडेला नवी पातळ फोमपट्टी लावली. मग दुकानातच वूफर बोटांनी आत दाबला. खालची तबकडी सावकाश बाहेर आली. मेकॅनिकने स्वतः दोनदा दाबून पाहिलं आणि पैसे घेतले नाहीत.